गवतापासून डोंगरापर्यंत

परवा आमच्या नातीच्या लग्नात फोटो काढायला एक चुणचुणीत मुलगा आला होता. मला खुर्चीत बसवून म्हणाला, "आजोबा, मागचं सगळं धूसर करतो, म्हणजे चेहरा कसा उठून दिसेल." मी म्हटलं, "बाबा रे, ह्या वयात माझा चेहरा उठून दिसण्यात कुणाला गोडी आहे? मागे एवढा मांडव घातलाय, तो दिसू दे." तो हसला आणि त्याला करायचं तेच त्यानं केलं. फोटो आला तेव्हा माझ्या मिशीचा केस न् केस दिसत होता, पण मी लग्नात बसलोय की न्हाव्याच्या दुकानात, ते काही कळत नव्हतं. घरात सगळे म्हणाले, छान आलाय. मला मात्र त्या दिवसापासून गोविंदराव तांबट आठवताहेत.

सन तीसच्या पुढची ती वर्षं. मी नामपूरहून नाशकात आलो होतो आणि पेठ रस्त्यावर धावणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीची तिकिटं फाडण्याची नोकरी करत होतो. सडाफटिंग माणूस. रविवार कारंज्याच्या मागच्या बाजूला गोविंदरावांचं फोटोचं दुकान होतं, वर त्यांचं बिऱ्हाड, आणि परसाच्या पलीकडची एक खोली माझी. गोविंदराव तेव्हा चाळिशीतले. उंच, जरा वाकलेले, काळ्याभोर दाट केसांचे. बोलणं इतकं बेताचं की समोरच्याला वाटावं, आपलं काही चुकलं की काय. जन्म तांबट आळीतला. बापाच्या हातची हातोडी सोडून कॅमेरा धरला म्हणून भाऊबंदांनी त्यांच्याकडे येणंजाणं टाकलं होतं. ते सांगताना सुद्धा तक्रारीचा सूर नसायचा. "तिथं ठोकाठोकी फार. कॅमेरा हलतो," एवढंच म्हणायचे.

त्यांच्या फोटोत सगळं स्पष्ट यायलाच हवं, हा त्यांचा हट्ट होता. नुसता हट्ट नव्हे, धर्मच म्हणा ना. पायाजवळचं गवत आणि दहा कोसांवरचा डोंगर, दोन्ही सारखेच रेखीव. हे कसं जमतं ते त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. भिंगाच्या आत एक भोक असतं, ते लहानमोठं करता येतं. मोठं ठेवलं की आपण जिथं नजर धरली तेवढंच नेमकं येतं, मागचं-पुढचं विरघळून जातं. बारीक केलं की जवळचं, लांबचं सगळं उमटतं. "आणि नजर डोंगरावर धरायची नाही, गवतावरही नाही. मधे कुठंतरी धरायची. म्हणजे दोघंही आपल्याकडे येतात," ते म्हणाले. पण भोक बारीक केलं की उजेड थोडा थोडा आत येतो. मग भिंगावरचं झाकण काढून बराच वेळ तसंच ठेवावं लागतं आणि तेवढ्या वेळात समोर काही हललेलं चालत नाही.

हा वेळ ते घड्याळावर मोजत नसत. पाढे म्हणत. लख्ख ऊन असलं की दोनाचा पाढा, थोडं झाकोळलं की तेराचा, पहाटेला एकोणतिसाचा. अवघड पाढा म्हणायला जास्त वेळ लागतो, हे त्यामागचं गणित. ओठ हलताना दिसायचे आणि गिऱ्हाईकांना वाटायचं, फोटोवाला मंत्र घालतोय.

दुकानात मागे राजवाड्याचा रंगवलेला पडदा होता. त्याला एका कोपऱ्यात ठिगळ होतं. दुसरा कुणी असता तर त्यानं पडदा जरा पुसट ठेवून नवरदेवाला खरोखर राजवाड्यात बसवलं असतं. गोविंदरावांच्या फोटोत नवरदेव यायचा, त्याचा फेटा यायचा, आणि मागे ते ठिगळही टाक्यांसकट यायचं. एकदा एक व्याही तावातावानं फोटो परत घेऊन आले. गोविंदराव शांतपणे म्हणाले, "वारा थांबू द्या, मग बोलू." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दूधवाला भांडायला आला तरी हेच, घरमालक आला तरी हेच. व्याही बिचारे रस्त्यावर जाऊन खरंच वारा आहे का ते बघून आले.

त्यांची दुसरी एक गंमत साऱ्या गावाला माहीत झाली होती. गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीच्या घाटावरच्या, एका उपाध्यायांना आपल्या बाहेरगावच्या यजमानांना दाखवण्यासाठी पर्वणीच्या गर्दीचा फोटो हवा होता. गोविंदराव पहाटेच जाऊन बसले. भोक बारीक, फोटो उमटायची काच मंद, पाढा एकोणतिसाचा, तोही दोन-तीनदा. फोटोत पायरी न् पायरी दिसत होती, पलीकडच्या देवळाचा कळस दिसत होता, पाण्याकाठचं शेवाळ दिसत होतं. माणूस मात्र एक नव्हता. सगळी माणसं हलत होती, म्हणून एकही उमटलं नाही. बसलेली एक म्हैस आणि झोपलेला एक भिकारी, एवढीच काय ती पर्वणीची गर्दी. उपाध्याय संतापले. "पर्वणीला नाशकात कुत्रंही आलं नाही, असं दाखवायचंय का तुम्हाला?"

"कुत्रं आलं होतं," गोविंदराव म्हणाले. "पण ते हललं."

आम्ही हे सांगून सांगून हसायचो. गोविंदराव स्वतः मात्र तो फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत बसायचे. माणसं गेल्यावर घाट असाच दिसत असेल, असं काहीतरी पुटपुटायचे.

आठवड्यातून एकदा ते आमच्या सकाळच्या मोटारीनं घाटमाथ्यावर जात. तीन पायांची लाकडी घोडी, काचांची पेटी, काळं फडकं, एवढं लटांबर टपावर चढवायचं. सावळ घाटाच्या अलीकडे एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, उतरायचं आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत यायचं. तिथं एक सपाट खडक होता. खडकापुढे सोमा नावाच्या माणसाचं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, वावर, त्यापलीकडे दरी, आणि दरीपलीकडे पेठ-सुरगाण्याकडचे एकामागं एक डोंगर. दिवसभर बसून पुष्कळदा ते एकही काच न वापरता परत येत. का, तर वारा होता. एकदा मी बरोबर होतो. नागलीची कणसं डुलत होती आणि हे फडक्याखालून बाहेर येऊन हताशपणे त्यांच्याकडे बघत होते. सोमाला त्यांची दया आली. म्हणाला, "सायब, नागली हाय ती. उभी हाय तवर हलणारच. मी कापून घेतो, मग काढा."

"नागली नको असती तर मी आलो कशाला असतो?" गोविंदराव म्हणाले.

सोमानं माझ्याकडे बघून मान हलवली. ह्या माणसाचं काही खरं नाही, असा त्याचा अर्थ होता.

हे झालं गोविंदरावांचं. घरात सरस्वतीवहिनी होत्या. मूलबाळ नाही, तांबट आळीतल्या जावा-नणंदा फिरकत नसत, आणि नवरा हा असा. पण वहिनींच्या तोंडाचा पट्टा मोठा झकास होता. परसात धुणं वाळत घालता घालता माझ्याशी बोलायच्या. "आमच्या ह्यांना दहा कोसांवरचं झाड दिसतं हो, पण चुलीवरचं दूध उतू चाललेलं दिसत नाही." मी बागलाणातला, म्हणून मला मुद्दाम अहिराणीत विचारायच्या, "काय शे, भाऊ?" आणि स्वतःच हसायच्या. नवरा डोंगरावर गेला त्या दिवशी त्या जास्त बोलायच्या. संध्याकाळ झाली की गप्प होऊन दारात उभ्या राहायच्या. मोटारीला उशीर झाला तर रागवायच्या त्या माझ्यावर, ह्यांच्यावर नाही.

पुढे वहिनींना क्षय झाला. त्या काळी ह्या शब्दानं घर रिकामं होत असे. दुकानाची गिऱ्हाइकं तुटली, मोलकरीण यायची बंद झाली. गोविंदरावांनी डोंगर सोडला. स्वयंपाक करायचे, औषध द्यायचे आणि मग खाटेशेजारी बसून राहायचे. वहिनींना ते सोसेना. "असं टक लावून बसू नका माझ्याकडे," एकदा त्या म्हणाल्या. "मी काही डोंगर नाही."

हे मी दारात उभा राहून ऐकत होतो. गोविंदराव उठले. त्यांनी कपाटातून घाटमाथ्याचे फोटो काढले आणि वहिनींच्या पुढ्यात ठेवले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वहिनींनी ते कधी नीट पाहिले नव्हते. हे दाखवतही नसत आणि त्याही मागत नसत. आता त्यांनी एकेक हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरला. बघता बघता त्या रंगल्या. ही कणसं, हे मुंग्यांचं वारूळ, ही पलीकडची झोपडी, हिच्यातून धूर येतोय का? बोट फिरवत फिरवत त्या पार शेवटच्या डोंगरापर्यंत गेल्या. मग थांबल्या.

"तुम्ही कुठं आहात ह्यात?"

"मी? मी फोटो काढतोय."

"म्हणजे नाहीतच." त्यांनी फोटो खाली ठेवला. "इतकी वर्षं तुम्ही जाता. दर खेपेला मी इथं बसून डोळ्यांपुढे आणायची, आत्ता हे कुठं बसले असतील, भाकरी सोडली असेल का, ऊन लागत असेल का. म्हटलं, एकदा बघू तरी दे, कुठं असता ते. तर ह्यात सगळं आहे आणि तुम्हीच नाही."

गोविंदरावांचा चेहरा असा झाला की मी तिथून निघायला लागलो. तेवढ्यात वहिनींचा मूळचा आवाज परत आला. "तुमचा तिथला एक फोटो आणून दाखवा मला. आणि मागे डोंगर नीट दिसला पाहिजे हां. नाहीतर परसात बसून काढाल आणि मला फसवाल."

त्या बरं होण्याचं काही मागत नव्हत्या. डॉक्टरांनी मान हलवली होती आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. एवढा एक फोटो त्यांना हवा होता आणि तो त्या असेपर्यंत व्हायला हवा होता.

झाकण काढायला दुसरा माणूस लागणार, म्हणून गोविंदराव माझ्याकडे आले. वहिनींजवळ बसायला पलीकडच्या घरातली एक म्हातारी तयार झाली. तिला क्षयाची भीती नव्हती, म्हणायची, माझं काय न्यायचं राहिलंय. मी मोटारीवर बदली माणूस दिला आणि आम्ही निघालो. पावसाळा सरत आला होता. पहिल्या खेपेला ढग दरीतून वर आले आणि डोंगरच गडप झाले. संध्याकाळपर्यंत बसून परत आलो. दुसऱ्या खेपेला डोंगर स्वच्छ होते, पण वारा असा सुटला की सोमाची सगळी नागली आडवी-उभी होत होती. गोविंदराव खडकावर जाऊन बसायचे, नागलीकडे बघायचे, परत उठून यायचे. दुपार कलली तसा माझा धीर सुटला. घरी वहिनींची काय अवस्था होती ते मी रोज बघत होतो.

"अहो, भोक मोठं करा," मी जवळजवळ ओरडलोच. "क्षणात काम होईल. तुमचा चेहरा तर येईल! डोंगर गेला खड्ड्यात!"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "मग मी कुठंही बसलेला असेन. तिला मी इथं बसलेला हवाय."

तीही संध्याकाळ रिकामी गेली. घरी आल्यावर वहिनींनी नुसतं आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारायचं टाळलं. त्या दिवशी त्यांना उशीवरून मान उचलता येत नव्हती.

तिसऱ्या खेपेला आम्ही उतरलो तेव्हा पान हलत नव्हतं. आदल्या रात्रीच्या पावसानं हवा धुऊन निघाली होती, आणि डोंगर इतके जवळ वाटत होते की पलीकडची गुरं मोजावीत. गोविंदरावांनी घोडी रोवली, तिन्ही पायांच्या मधोमध एक धोंडा टांगला, फडक्याखाली गेले आणि कितीतरी वेळ बाहेरच आले नाहीत. मग भोक अगदी बारीक केलं आणि मला म्हणाले, "मी बसलो की झाकण काढा. कॅमेऱ्याला धक्का नको. एकोणतिसाचा म्हणा आणि झाकण लावा."

"मला एकोणतिसाचा येत नाही."

"जसा येईल तसा म्हणा."

त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली, तोंडावर सावली पडते म्हणून. खडकावर जाऊन बसले, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. मी झाकण काढलं. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, इथपर्यंत झकास चाललं. पुढे मी अडखळलो, बोटांवर बेरीज करत करत सातीपर्यंत पोचलो आणि तिथं गाडी रुतली. समोर गोविंदराव बसले होते. डोळ्याची पापणी हलत नव्हती. मला एकदम जाणवलं की हे आत्ता कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, खाटेवरच्या माणसाकडे बघताहेत. पाढा गेला उडत. पुरे झालं असं वाटलं तेव्हा मी झाकण लावलं.

"झालं," मी म्हटलं. ते तरीही थोडा वेळ तसेच बसून होते.

परतीच्या वाटेवर आभाळ भरून आलं. हस्ताचा पाऊस. आम्ही घरी पोचलो तेव्हा वहिनींना धाप लागली होती, पण शुद्ध होती. "काढला?" त्यांनी विचारलं. गोविंदराव तसेच अंधाऱ्या खोलीत शिरले आणि काच धुवायला लागले.

काचेवर चित्र उलटं उमटतं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. मग ती वाळवायची, कागदावर धरून उन्हात ठेवायची, तेव्हा खरा फोटो. दिव्याच्या उजेडावर छापायचा कागद तेव्हा मिळत होता, पण गोविंदरावांनी तो कधी दुकानात येऊ दिला नव्हता. त्याच्यावर झाडांची पानं रेखीव न येता त्यांचा भुगा होतो, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, आत्ता पळत जाऊन कुठून तरी आणतो. तेवढ्यात वहिनींनी आतून हाक मारली. "ओला असला तरी आणा. आहे तसा दाखवा."

गोविंदराव निथळती काच घेऊन खाटेशी आले. खिडकीत पावसाळी उजेड होता, त्यात त्यांनी ती दोन्ही हातांनी उभी धरली. पाणी त्यांच्या मनगटांवरून कोपरापर्यंत ओघळत होतं. काळं आभाळ, त्याखाली फिक्या डोंगरांच्या रांगा, एकेक कणीस, आणि मधे खडकावर बसलेले गोविंदराव. सगळं जिथल्या तिथं, कुठं काही पुसट नव्हतं. वहिनींनी म्हातारीचा आधार घेऊन मान उचलली. पुष्कळ वेळ बघितलं.

"इथं बसता होय," त्या म्हणाल्या. "बरी आहे जागा." मग त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं मिस्कील हसू आलं. उभा जन्म फोटोवाल्याच्या घरात काढलेली बाई ती, काचेवर काळे केस पांढरे दिसतात हे काय तिला ठाऊक नव्हतं? "अगंबाई, केस पांढरेशुभ्र झाले की हो तुमचे! म्हातारपणी असे दिसणार तर." जरा दम घेतला. "बरं झालं. तेवढं बघायचं राहिलं असतं."

गोविंदरावांनी काच माझ्यापुढे केली. मी ती त्यांच्याकडून घेतली.

पाऊस उघडला नाही. ऊन पडायच्या आत वहिनी गेल्या.

पुढे ऊन पडलं, दिवाळी आली, गेली. गोविंदरावांनी तो फोटो छापला नाही. मी एकदा विचारलं. "तिनं बघितला तसाच राहू दे," ते म्हणाले. दुकान पुन्हा उघडलं; पडदा, ठिगळ, नवरदेव, सगळं पूर्ववत. पण आमच्या मोटारीच्या टपावर ती घोडी पुन्हा कधी चढली नाही. संध्याकाळी दुकान बंद करून ते खूप वेळ वर जात नसत. मी परसातून हाक मारायचो, ते ओ द्यायचे, एवढंच. मीही एकटा, तेही एकटे, आणि मधलं परस वहिनींवाचून नुसतंच मोठं वाटायचं.

दोनेक वर्षांनी मला मालेगावच्या बाजूला दुसरी नोकरी लागली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेलो, तर गोविंदराव दुकानाच्या पायरीवर उघड्या डोक्यानं बसले होते. हातात ती काच होती आणि आभाळाकडे धरून ते तिच्यातून बघत होते. मी जातो म्हणालो. त्यांनी मान हलवली, काच मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे पाठ वळवून बसले.

"जाता जाता एक बघा हो," ते म्हणाले. "मागच्या बाजूला किती पांढरे झालेत? मला आरशात दिसत नाहीत."

मी वाकून बघितलं. मानेजवळ दोन-चार होते. बाकी डोकं काळंभोर. खोटं बोलावं असं फार वाटलं, पण त्या माणसासमोर ते जमण्यासारखं नव्हतं.

"दोन-चार आहेत," मी म्हटलं.

"एवढेच?" ते काचेतल्या पांढऱ्या केसांकडे बघत म्हणाले, आणि ती फडक्यात गुंडाळून आत गेले.